फॅसिझमचे मीमांसक आणि त्यांची कैफियत

दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात जो फॅसिझम उदयास आला त्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती ही की, या विषयावर ज्यांनी प्रथम लेखणी उचलली ते त्या घटनेचे तटस्थ प्रेक्षक नव्हते. कोणी तिचे बळी होते, कोणी काही काळ तिचे पाठीराखे होते, आणि कोणी अशा पक्षांचे धुरीण होते की ज्यांनी वेळीच निराळा निर्णय घेतला असता तर ती घटना कदाचित टळली असती. साहजिकच त्यांच्या मीमांसेत फॅसिझमच्या स्वरूपाइतकीच त्यांची स्वतःची कैफियतही लिहिली गेली आहे; आणि ही कैफियत वेगळी काढल्याखेरीज मीमांसेचे मोल ठरवता येत नाही, असे माझे मत आहे. आज शंभर वर्षांनंतर फॅसिझमच्या व्याख्यांचा निरर्थक काथ्याकूट करण्याऐवजी, प्रत्येक व्याख्येने कोणाला जबाबदारीतून मुक्त केले हे तपासणे अधिक अगत्याचे आहे.

बेनेदेत्तो क्रोचे यांचेच उदाहरण घ्यावे. विसाव्या शतकातील इटलीच्या वैचारिक जीवनावर या तत्त्वज्ञाइतका प्रभाव क्वचितच कोणाचा असेल. १९४३ मध्ये मुसोलिनीची सत्ता कोसळल्यावर त्यांनी असे प्रतिपादन केले की, ही दोन दशके म्हणजे इटलीच्या इतिहासात मध्येच घातलेला एक कंस होय. महायुद्धाने उत्पन्न केलेला तो एक नैतिक विकार होता, आणि त्याच्या आधीची उदारमतवादी इटली त्यास जबाबदार नव्हती. हे प्रतिपादन पराभूत राष्ट्राला धीर देणारे होते खरे. तथापि १९२४ च्या जूनमध्ये, समाजवादी प्रतिनिधी मात्तेओत्ती यांना दिवसाढवळ्या पळवून नेल्यावर आणि त्यांचा देह अद्याप सापडला नसताना, सिनेटमध्ये मुसोलिनीच्या बाजूने विश्वासाचे मत देणाऱ्यांत सिनेटर क्रोचे होते, ही गोष्ट त्या कंसात कोठेच बसत नाही. पुढल्याच वर्षी, १ मे १९२५ रोजी, फॅसिस्टविरोधी बुद्धिमंतांचा जाहीरनामा त्यांनीच लिहिला, आणि पुढे अखेरपर्यंत ते त्या राजवटीपासून अलिप्त व तिच्या विरोधात राहिले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्या उदारमतवाद्यांनी फॅसिझमला आपल्या कामापुरता वापरून मग बाजूला सारता येईल अशी समजूत करून घेतली होती, त्यांच्यापैकी ते एक होते. आणि नेमकी ती समजूतच त्यांच्या मीमांसेतून गळली आहे.

क्रोचे यांच्या अगदी उलट टोकाला तुरीन येथील पिएरो गोबेत्ती उभे होते. मुसोलिनी अधिकारारूढ झाला तेव्हा एकवीस वर्षांच्या या तरुणाने लिहिले की, फॅसिझम हे इटालियन राष्ट्राचे आत्मचरित्र आहे. ज्या राष्ट्रात खरी धर्मसुधारणा झाली नाही आणि स्वातंत्र्य वरून दिले गेले, त्या राष्ट्राचा आळस आणि सौदेबाजीची वृत्तीच त्यात साकार झाली आहे. मारहाण सोसून देशांतर केलेला हा तेजस्वी मनुष्य १९२६ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये चोविसाव्या वर्षी निवर्तला. त्याच्या निर्भयतेपुढे मी नतमस्तक आहे. पण सबंध राष्ट्रच दोषी ठरवले की मग कोणी विशिष्ट मनुष्य दोषी उरत नाही. मोटारी पुरवणारा जमीनदार, डोळेझाक करणारा फौजदार आणि सही नाकारणारा राजा हे सारे त्या राष्ट्रीय स्वभावाच्या सावलीत निर्धास्त उभे राहतात.

तिसरी कैफियत आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीची, आणि तिचे परिणाम सर्वांत भीषण. वास्तविक या चळवळीत आरंभीचे निदान फार मार्मिक होते. १९२३ च्या जूनमध्ये मॉस्कोत क्लारा झेटकिन यांनी बजावले होते की, फॅसिझम म्हणजे हंगेरीतल्या होर्थीच्या दडपशाहीसारखा केवळ भांडवलदारांचा सूड नव्हे. उद्ध्वस्त मध्यमवर्ग आणि निराश झालेले श्रमिकही त्याच्यामागे जात आहेत, आणि क्रांती अर्धवट सोडल्याचे हे प्रायश्चित्त आहे. स्वतःच्या पक्षाकडे बोट दाखवणारी ही मीमांसा पाचच वर्षांत अडगळीत गेली. १९२८ नंतर समाजवादी पक्ष हेच फॅसिझमचे जुळे भावंड होत असा सिद्धांत अधिकृत ठरला, आणि १९३१ च्या ऑगस्टमध्ये प्रशियातील समाजवादी सरकार खाली खेचण्यासाठी घेतलेल्या सार्वमतात जर्मन कम्युनिस्टांनी नाझींच्या बरोबरीने मते टाकली. १९३२ च्या नोव्हेंबरात राइशटागच्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या, समाजवाद्यांना १२१ आणि कम्युनिस्टांना १००. या दोन पक्षांची बेरीज नाझींहून मोठी होती, पण ती बेरीज कागदावरच राहिली. १९३५ मध्ये याच चळवळीचे धुरीण दिमित्रोव्ह यांनी संयुक्त आघाडीचा पुकारा केला खरा, परंतु त्यांनी दिलेल्या व्याख्येत फॅसिझम हा वित्तभांडवलातील सर्वांत प्रतिगामी गटांचा उघड दहशतवाद ठरला, आणि मधल्या सात वर्षांच्या घोडचुकीचा हिशोब त्या व्याख्येत कोठेही मांडला गेला नाही. १९२९ मध्येच या चळवळीने ज्यांना बाहेर घालवले त्यांत दोन नावे होती: एक मानवेंद्रनाथ रॉय, ज्यांनी पुढे १९३८ मध्ये भारतात फॅसिझमवर ग्रंथ लिहिला, आणि दुसरे आंजेलो तास्का, ज्यांचा इटालियन फॅसिझमच्या जन्मावरील ग्रंथ त्याच वर्षी पॅरिसमध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाला.

तास्का यांची भूमिका अशी होती की, फॅसिझमची व्याख्या करणे म्हणजे प्रथम त्याचा इतिहास लिहिणे होय. मला ही भूमिका सर्वांत न्याय्य वाटते, कारण इतिहास लिहू लागले की जागा, तारखा आणि माणसे सांगावी लागतात, आणि मग कैफियतीला फारसा वाव राहत नाही.

तो इतिहास रोममध्ये सुरू होत नाही. २३ मार्च १९१९ रोजी मिलानमधील सान सेपोल्क्रो चौकातल्या एका सभागृहात मुसोलिनीने आपली संघटना स्थापन केली, पण त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही, उलट समाजवाद्यांना १५६ मिळाल्या. चळवळ तिथेच संपायची. ती जगली पो नदीच्या खोऱ्यात. फेरारा, बोलोन्या, रोविगो, क्रेमोना या जिल्ह्यांतील सुपीक जमिनींवर लक्षावधी रोजंदार शेतमजूर राबत, आणि वर्षातले कित्येक महिने ते बेकार असत. समाजवादी मजूरसंघांनी मजूरभरतीचा अधिकारच आपल्या हाती घेतला, अमुक क्षेत्रामागे अमुक मजूर बारमाही ठेवलेच पाहिजेत अशी अट मालकांकडून मान्य करवून घेतली, आणि करार मोडणाऱ्यावर बहिष्काराचे शस्त्र चालवले. १९२० च्या शरदात स्थानिक निवडणुका झाल्या तेव्हा या प्रदेशातील बहुतेक नगरपालिकाही समाजवाद्यांकडे गेल्या, म्हणजे कर बसवण्याचा अधिकारही गेला. शतकानुशतके गावचा कारभार ज्यांच्या ओसरीवर चालला त्या जमीनदारांना हा उत्पात असह्य झाला, यात नवल नाही. परंतु मजूरसंघांचा जाच लहान कुळांना आणि अर्धेलीने कसणाऱ्यांनाही होत असे. त्यांना स्वतःच्या मालकीची जमीन हवी होती आणि समाजवादी कार्यक्रमात जमीन सामुदायिक व्हायची होती. फॅसिस्टांनी नेमकी ही फट हेरली आणि कसणाऱ्याला जमीन देण्याचे आश्वासन दिले. ज्यांना फॅसिझम केवळ धनिकांचे कारस्थान वाटतो त्यांनी या फटीकडे पाहावे.

नोव्हेंबर १९२० मध्ये बोलोन्याच्या नगरभवनावर नवनिर्वाचित समाजवादी पालिकेच्या पहिल्याच दिवशी हल्ला झाला, आणि मग वर्षभर रात्रीच्या मोहिमा चालल्या. युद्धावरून परतलेले अधिकारी, विद्यार्थी, जमीनदारांची मुले मोटार-लॉऱ्यांतून गावात येत, मजूरगृह आणि सहकारी दुकान जाळत, मजूरसंघाच्या चिटणिसाला अंथरुणातून ओढून काढीत, सोट्याने झोडपीत किंवा बळजबरीने एरंडेल पाजीत. मालकांनी पैसा आणि पेट्रोल दिले, कित्येक ठिकाणी लष्करी अधिकाऱ्यांनी बंदुका दिल्या, आणि पोलिसांनी आपले कर्तव्य विसरण्याचे काम केले. १९२० च्या अखेरीस सुमारे २० हजार असलेली सभासदसंख्या वर्षभरात २ लाखांवर गेली. १९२२ च्या जुलैअखेर फेराराचा इटालो बाल्बो याने रावेन्नाच्या पोलीस अधिकाऱ्याकडून, आपल्या माणसांना शहराबाहेर नेण्याच्या मिषाने, लॉऱ्या मागून घेतल्या, आणि त्याच लॉऱ्यांतून रावेन्ना व फोर्ली या प्रांतांत रात्रभर फिरून समाजवाद्यांची व कम्युनिस्टांची कार्यालये एकामागून एक जाळली. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या रोजनिशीत अभिमानाने नोंदवली आहे. राज्यसत्तेची वाहने घेऊन राज्याचा कायदा जाळण्याची ही मोहीम मला रोमवरील तथाकथित चढाईपेक्षा अधिक बोधप्रद वाटते. याच रावेन्ना परिसरात, सेनियो नदीच्या काठी, ९ एप्रिल १९४५ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायाने जखमी सहकाऱ्यांना सुरुंग पेरलेल्या काठावरून सुखरूप आणले आणि एकट्याने शत्रूची यंत्रतोफांची ठाणी निकामी करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आपल्या गावापासून हजारो कोस दूर लढणाऱ्या या मराठी शेतकरीपुत्राच्या पराक्रमाची माहिती आपण मुलांना देतो, पण ज्या भूमीवर तो लढला तेथे पाव शतकापूर्वी शेतमजुरांचे काय झाले होते हे सांगत नाही. ती उणीव भरून काढायला हवी.

या मोहिमांचा जमाखर्च ज्या एका मनुष्याने चिकाटीने मांडला तो जाकोमो मात्तेओत्ती, स्वतः रोविगो जिल्ह्यातील सधन जमीनदार घराण्यातला. १९२१ च्या आरंभापासूनच तो संसदेत उभा राहून गाव, रात्र आणि प्रकार यांसह हल्ल्यांचा वृत्तांत देत राहिला. १९२४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या, फॅसिस्ट अंमलाच्या एका वर्षावरील त्याच्या पुस्तकात सरकारी आकडे आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ मारहाणींची, जाळपोळींची आणि हत्यांची यादी आहे. त्यात सिद्धांत जवळजवळ नाही. ३० मे १९२४ रोजी त्याने नुकत्याच झालेल्या निवडणुकीतील जुलमाचा पाढा संसदेत वाचला, १० जूनला त्याला टायबरच्या काठावरून मोटारीत कोंबून नेले, आणि १६ ऑगस्टला रोमबाहेरच्या रानात त्याचा देह सापडला. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने घडलेल्या सर्व प्रकारांची राजकीय, नैतिक आणि ऐतिहासिक जबाबदारी संसदेसमोर बेधडक स्वीकारली, आणि कोणीही त्याच्यावर अभियोग दाखल केला नाही.

पण त्याआधी फॅसिस्टांना सत्तेचे दार कोणी उघडले? १९२१ च्या मे महिन्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मुरब्बी पंतप्रधान जोलित्ती यांनी समाजवाद्यांना शह देण्यासाठी फॅसिस्टांना आपल्या राष्ट्रीय आघाडीच्या यादीत घेतले, आणि ३५ फॅसिस्ट प्रतिनिधी सन्मानाने संसदेत आले. २८ ऑक्टोबर १९२२ च्या पहाटे रोमभोवती पावसात भिजत, अपुऱ्या शस्त्रांनिशी थांबलेल्या स्वयंसेवकांना पांगवण्यास राजधानीतील फौज पुरेशी होती. पंतप्रधान फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने लष्करी कायद्याचे फर्मानही तयार केले. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही केली नाही. मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या आगगाडीच्या शयनयानातून ३० तारखेला सकाळी रोमला पोहोचला आणि राजाने त्याला मंत्रिमंडळ बनवण्यास सांगितले. विजयाची मिरवणूक त्यानंतर निघाली. पाचशेहून अधिक सभासदांच्या ज्या संसदेत त्याचे स्वतःचे ३५ होते, तिने १९२२ च्या नोव्हेंबरात ३०६ विरुद्ध ११६ मतांनी त्याच्यावर विश्वास दाखवला. पुढल्या वर्षी याच संसदेने एक चतुर्थांश मते मिळवून पहिल्या येणाऱ्या यादीला दोन तृतीयांश जागा देणारा कायदा मंजूर केला. म्हणजे लोकशाहीचा गळा आवळणारी प्रत्येक गाठ लोकशाहीच्या अधिकृत मुद्रेने बांधली गेली. जर्मनीतही ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्याच्यासह तिघेच नाझी होते. बाकीचे बहुतेक पापेनसारखे सनातनी पुढारी होते, आणि आपण त्याला मुठीत ठेवू अशी त्यांची खात्री होती.

या दोन उदाहरणांवरून फॅसिझम त्या काळाचे अटळ विधिलिखित होते असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल होतो. तो भ्रम दूर करण्यास फिनलंड पुरेसा आहे. तेथे १९२९ मध्ये लापुआ नावाच्या गावातून उठलेल्या चळवळीने कम्युनिस्टांना आणि मजूरपुढाऱ्यांना पळवून सोव्हिएत सरहद्दीवर टाकण्याचा सपाटा लावला, १९३० मध्ये तर माजी राष्ट्राध्यक्ष स्टोलबर्ग यांनाच पळवले, आणि सरकारकडून हवे ते कायदे पदरात पाडून घेतले. १९३२ मध्ये मेंत्सेला येथे या लोकांनी सशस्त्र बंड केले. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी स्विन्हुवुद होते. ते कडवे कम्युनिस्टविरोधक होते, आणि लापुआवाल्यांनाच ते राष्ट्राध्यक्ष म्हणून हवे होते. पण २ मार्च रोजी नभोवाणीवरून त्यांनी बंडवाल्यांना घरी जाण्याचा हुकूम दिला, फौज सरकारशी एकनिष्ठ राहिली, आणि ज्या कायद्याची मागणी या चळवळीने स्वतःच केली होती त्याच कायद्याने तिच्यावर बंदी घालण्यात आली. बेल्जियममध्ये १९३६ च्या निवडणुकीत देग्रेलच्या फॅसिस्ट वळणाच्या रेक्स पक्षाने २१ जागा जिंकल्या; पुढल्या एप्रिलात ब्रुसेल्सच्या पोटनिवडणुकीत तो स्वतः उभा राहिला तेव्हा कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्ट या सर्वांनी पंतप्रधान वान झेलांद यांना एकमुखी पाठिंबा दिला, कार्डिनल वान रोई यांनी रेक्सला मत देऊ नये असे कॅथलिकांना सांगितले, आणि देग्रेल दारुण रीतीने पडला. स्विन्हुवुद आणि वान रोई हे पुरोगामी नव्हते. म्हणूनच त्यांची उदाहरणे मी मोलाची मानतो: इटलीत राजाने जे केले नाही ते फिनलंडमध्ये एका सनातनी राष्ट्राध्यक्षाने केले, आणि मधली दहा वर्षे सोडली तर दोघांपुढचा प्रश्न फारसा निराळा नव्हता.

परदेशी पाहुण्यांच्या साक्षीबद्दल येथे थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण त्यात आपलेही नाते गुंतले आहे. १९२६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर मुसोलिनीचे पाहुणे म्हणून इटलीत गेले. परतीच्या वाटेवर रोमां रोलां आणि देशांतर केलेले इटालियन यांच्याकडून त्यांना सत्य कळले, आणि ऑगस्टमध्ये मँचेस्टर गार्डियनमध्ये पत्र प्रसिद्ध करून त्यांनी फॅसिझमचा निषेध केला. १९३१ च्या मार्चमध्ये नागपूरचे डॉ. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना रोमला थांबले, बालिल्ला या बालसंघटनेची कवायत त्यांनी पाहिली, १९ तारखेला मुसोलिनीची भेट घेतली आणि आपल्या दैनंदिनीत त्या शिस्तीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल स्थापन केले. परतंत्र देशातील नेत्याला लष्करी शिस्तीचे आकर्षण वाटावे हे मी समजू शकतो. पण ज्या मजूरगृहांच्या राखेवर ती कवायत उभी होती त्यांची चौकशी करणे त्यांना अशक्य नव्हते. ती चौकशी त्यांनी केली नाही, आणि आपल्याकडील चरित्रकारांनी हा प्रश्न विचारल्याविना पुढे जाऊ नये.

युद्धोत्तर काळात रेन्झो दे फेलिचे यांनी मुसोलिनीच्या बृहच्चरित्रात असा पक्ष मांडला की, १९३० च्या दशकात या राजवटीला लोकांची व्यापक संमती होती. या मताने इटलीत वादळ उठवले, आणि त्यात तथ्यांश नाही असे मी म्हणणार नाही. तथापि ज्या देशात वृत्तपत्रे, पक्ष आणि संघटना १९२६ नंतर नामशेष झाल्या, विशेष न्यायासन बसले आणि ग्राम्शींसारखा खासदार तुरुंगात खितपत पडला, तेथे संमती मोजायची कोणत्या मापाने? १९३१ मध्ये विद्यापीठांतील प्राध्यापकांकडून राजवटीशी एकनिष्ठेची शपथ मागितली गेली. बाराशेच्या आसपास प्राध्यापकांपैकी ती नाकारणारे जेमतेम डझनभर निघाले. सह्या करणाऱ्यांत उत्साही किती, भेकड किती आणि विद्यार्थ्यांना फॅसिस्टांच्या हाती सोडू नये म्हणून नाइलाजाने सही करणारे किती, हे त्या कागदावरून ओळखता येत नाही.

अखेरीस तास्का यांच्याविषयी. ज्या ग्रंथाला मी इतके थोर मानतो त्याचा हा कर्ता १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर विशी येथील पेतां सरकारच्या माहिती खात्यात नोकरीस राहिला. पुढे त्याच जागेवरून त्याने बेल्जियन प्रतिकारकांना गुप्तपणे बातम्याही पुरवल्या. इटलीत दार कसे उघडले गेले हे ज्याने सर्वांत बारकाईने लिहिले, त्याला दोनच वर्षांनी तसाच एक उंबरठा ओलांडावासा वाटला. ग्रंथाचे प्रामाण्य यामुळे कमी होत नाही, आणि १९२० ते १९२२ या काळाच्या अभ्यासाला आजही त्याच्यापासून आरंभ करावा असे मी म्हणेन. पण क्रोचे यांचे सिनेटमधील मत आणि कम्युनिस्टांचे प्रशियातील सार्वमत आपण नोंदवतो, तर हा ग्रंथ शिकवताना पेतां सरकारची ही नोकरीही विद्यार्थ्यांपुढे ठेवली पाहिजे.